रास्ता पेठेतून वढूकडे

आमच्या घरी एक चांदीचे बोंडले आहे. तळहातात मावेल एवढे, पुढे निमुळती चोच असलेले. आजच्या आयांना बोंडले म्हणजे काय ते सांगावे लागते. दुधाच्या बाटल्या घरोघर येण्यापूर्वी तान्ह्या बाळाला वरचे दूध किंवा गुटी ज्यातून पाजत ते हे भांडे. शिरूर तालुक्यातल्या माझ्या आजोळहून ते आले. आईने ते पुढे कधी वापरले नाही आणि मोडीतही घातले नाही. दिवाळीला घरातली सगळी चांदीची भांडी चिंचेने लखलखीत व्हायची. हे एकटे तसेच काळवंडलेले राहायचे.

त्यातून दूध प्यायला तो माझा मोठा भाऊ. मी त्याला पाहिलेले नाही. १९५७ च्या उन्हाळ्यात तो अकरा महिन्यांचा होता, नुकताच धरून उभा राहू लागला होता आणि आईला माझ्या वेळचे दिवस गेले होते. पाठचे भावंड पोटात आले की अंगावरचे दूध बाधते, ही त्या काळातली ठाम समजूत. आजीने त्याला अंगावरून सोडवले आणि बोंडल्यातून म्हशीचे दूध, निम्मे पाणी घालून, सुरू केले. मे महिना होता. विहिरीने तळ गाठला होता आणि नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे पाणी घरात येत होते. पंधरवड्यात त्याला जुलाब लागले. पोटाला विश्रांती हवी म्हणून पेज बंद केली, जुलाब वाढतील म्हणून पाणी बंद केले. टाळू खोल गेली म्हणून टाळूवर तेल थापले. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून नगर रस्त्यापर्यंत आणले, एस.टी. यायच्या आत सारे संपले होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मी जन्मले. या खेपेला वडिलांनी आईला आजोळी न पाठवता पुण्यातच ठेवले आणि रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात माझा जन्म झाला. ते रुग्णालय तेव्हा ज्यांच्या हाती होते त्या डॉ. बानू कोयाजींविषयी आज लिहायचे आहे. त्यांना जाऊन दोन दशके उलटली. पुण्यात त्यांचे नाव माहीत नाही असे घर जुन्या पिढीत विरळाच. पण ते घेतले जाते ते मोठ्या रुग्णालयाच्या कर्त्या बाई म्हणून, कुटुंबनियोजनाच्या पुरस्कर्त्या म्हणून. माझ्या भावासारखी मुले कशाने जातात, या प्रश्नाशी त्यांच्या आयुष्याचा किती जवळचा संबंध होता, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

बानूबाईंचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबातला. माहेरचे आडनाव कपाडिया. लहानपण मात्र पुष्कळसे पुण्यात, आजी-आजोबांच्या घरी गेले आणि शिक्षण लष्कर भागातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये झाले. पुढे मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र हा विषय. जहांगीर कोयाजी या अभियंत्याशी विवाह झाला आणि त्या पुन्हा पुण्याच्या झाल्या. जहांगीर यांचे वडील बंधू डॉ. एदलजी कोयाजी हे पुण्यातले नामवंत डॉक्टर. बानूबाई वैद्यकाकडे वळल्या त्यात या दिरांचा वाटा मोठा होता, आणि १९४४ साली केईएममध्ये आल्या त्याही त्यांच्याच शब्दावरून.

मुंबईच्या केईएमशी पुण्याच्या केईएमची गल्लत पुष्कळदा होते. नाव एकाच राजाचे, एवढेच नाते. पुण्याचे केईएम १९१२ पासूनचे. बानूबाई आल्या तेव्हा ते जेमतेम चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी ते सांभाळले, आणि त्या बाजूला झाल्या तेव्हा तिथे साडेपाचशेच्या आसपास खाटा होत्या. देणग्या कशा मिळवल्या, इमारती कशा उठल्या, विभाग कसे निघाले, हा इतिहास मोठा आहे आणि तो अनेकांनी लिहिलेला आहे. त्यात मी शिरत नाही.

मला वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. ज्या बाईने एवढे रुग्णालय वाढवले, तिला पंचावन्नाव्या वर्षी त्या रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, तेही तीसेक किलोमीटर लांबच्या खेड्यात, जावेसे का वाटले?

साल १९७२. केईएमने सरकारच्या सहकार्याने शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या आरोग्य केंद्राचे काम अंगावर घेतले. वढू म्हटले की आपल्याला संभाजी महाराजांची समाधी आठवते. भीमा-भामा-इंद्रायणीच्या संगमाचे तुळापूर जवळच. पण पाणी जवळून वाहते म्हणजे ते प्यायला स्वच्छ मिळते असे नव्हे. त्यात १९७२ म्हणजे दुष्काळाचे साल. ज्यांनी ते पाहिले त्यांना खडी फोडणाऱ्या बाया, झाडाच्या फांदीला टांगलेल्या झोळ्या आणि सुकडीसाठी लागलेल्या रांगा अजून दिसत असतील. झोळीतले बाळ रडले की कामावरच्या आईने कुठल्या पाण्याने हात धुऊन त्याला घ्यायचे? हात धुवायला पाणी होते कुठे?

त्या काळचे आकडे आज वाचताना अंगावर काटा येतो. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. मधल्या पन्नास वर्षांत काय बदलले ते समजून घ्यायचे तर जुलाबाच्या दुखण्याकडे नीट पाहावे लागते, कारण तान्ह्या मुलांना नेणाऱ्या दुखण्यांत न्यूमोनियाच्या बरोबरीने त्याचे नाव होते.

जुलाब हा मुळात एक रोग नव्हेच. ती अनेक जंतूंनी वापरलेली एकच वाट आहे. रोटाव्हायरस, शिगेला, ई-कोलाय जंतूच्या काही जाती, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी ही त्यातली मोठी नावे. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात देशांत, कोलकात्यासह, लहान मुलांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांत हीच नावे पुन्हा पुन्हा दिसली. जंतू वेगळे, पण प्रवास तोच. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात. मधले वाहन कधी पाणी, कधी माशी, कधी शिळा भात, आणि बहुतेक वेळा माणसाचा हात. माठ झाकलेला असतो, पाणी उकळलेलेही असते. पण तांब्या बुडवताना बोटेही बुडतात. बाळाची दुपटी धुऊन आलेले हात तसेच भाकरीच्या पिठात जातात. बाळाची शी निरुपद्रवी असते असे आपण मानतो आणि ती उकिरड्यावर किंवा गटारात टाकतो. जंतूंच्या हिशेबाने तीच सर्वांत घातक.

या प्रवासात सर्वाधिक सापडतात ती सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची मुले. त्याआधी आईकडून मिळालेले संरक्षण असते आणि अंगावरचे दूध थेट मिळते, मध्ये भांडेच नसते. सहाव्या महिन्यात उष्टावण होते, बाळ रांगू लागते, जमिनीवरचे सगळे तोंडात घालू लागते. आणि आईकडून आलेली शिदोरी नेमकी त्याच सुमारास संपत आलेली असते. दात येताना जुलाब होतात असे आपल्याकडे म्हणतात ते या जुळून आलेल्या वेळेमुळे. बिचाऱ्या दातांचा त्यात दोष नाही. दोष असलाच तर शिवशिवणाऱ्या हिरड्यांनी चघळलेल्या मळक्या वस्तूंचा.

सहा महिन्यांच्या आतले बाळ जुलाबाने आजारी पडले तर आधी विचारावे, त्याला वरचे काय देता? चीक काढून टाकून मधाचे बोट, साखरेचे पाणी, सहाणेवर उगाळलेली गुटी, मग बाटली. गुटीतल्या हिरड्या-मुरडशेंगेविषयी मला आकस नाही. माझ्या आजीचा त्यांवर जीव होता. पण सहाण कुठे ठेवलेली, पाणी कुठले, उगाळणारी बोटे कुणाची, हे कोण पाहतो? बाटलीची गत आणखी वाईट. अरुंद गळा, रबरी बूच, उन्हाळ्यात दोन तास तसेच राहिलेले गोडसर दूध. जंतूंची शेती करायची तर याहून चांगली जमीन मिळणार नाही. बाटलीची आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करण्यावर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आली. माझ्या मते तो कायदा वीस वर्षे उशिरा आला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बानूबाई बालरोगतज्ज्ञ नव्हत्या. त्या बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टर. त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता तो दोन बाळंतपणांतल्या अंतराचा. कुटुंबनियोजनाचे नाव उघडपणे घ्यायला लोक संकोचत, त्या काळापासून त्यांनी ते काम केईएममध्ये उभे केले. आपण त्याकडे लोकसंख्येचा प्रश्न म्हणून पाहतो. मला वाटते, प्रसूतिगृहाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या बाईला तो वेगळा दिसत असणार. जी बाळंतीण समोर आहे, तिचे दीड वर्षाचे पोर घरी कुणाच्या तरी हातून वरचे दूध पीत आहे. नवे बाळ जन्मले की जुन्याचा घास हलका होतो.

या गोष्टीला आफ्रिकेतल्या एका भाषेत नावच आहे. डॉ. सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या बाई १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करीत होत्या. पाय सुजलेली, केस तांबूस झालेली, किरकिरी मुले त्यांनी पाहिली आणि तिथल्या आयांना या दुखण्याचे नाव विचारले. गा भाषेतला तो शब्द त्यांनी जसाच्या तसा वैद्यकात आणला: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आल्याने आईपासून दूर सारलेल्या मुलाला होणारे दुखणे, असा त्याचा अर्थ. पुस्तकात हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते मिटून ठेवले होते. दूर सारणारे भावंड मी होते.

कुपोषण आणि जुलाब यांची गाठ अशी असते की दोरीचे कुठले टोक कुठले ते कळत नाही. जुलाबाने मूल खंगते. खंगलेल्या मुलाच्या आतड्याचे अस्तर लवकर भरून येत नाही, म्हणून पुढचा जुलाब लांबतो. लांबलेला जुलाब आणखी वजन नेतो. त्यात गोवर झाला तर विचारायलाच नको. वर्षातून पाच-सहा वेळा असे झाले की उंचीही खुंटते. मूल मरत नाही, पण ज्या मापाचे व्हायचे त्या मापाचे होत नाही. जन्मतःच वजन कमी असेल तर ही घसरण पहिल्या पायरीपासून सुरू होते. आणि वजन कमी का, तर आई स्वतः सोळा-सतरा वर्षांची, रक्त कमी असलेली, शेवटी जेवणारी.

सरळ सांगायचे तर अकरा महिन्यांच्या मुलाच्या जुलाबाचे कारण त्याच्या आईच्या लग्नाच्या तारखेपर्यंत मागे जाते. रुग्णालय कितीही मोठे बांधले तरी त्या तारखेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. बानूबाईंनी वढूची वाट धरली ती, मला वाटते, या हिशेबाने.

पहिली काही वर्षे केंद्र चालवण्यात गेली. मग १९७७ मध्ये वढूच्या परिसरातल्या गावांतून गावचीच माणसे निवडून त्यांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्याचा प्रकल्प सुरू झाला. साल लक्षात घेण्याजोगे आहे. आणीबाणीतल्या सक्तीच्या शस्त्रक्रियांमुळे कुटुंबनियोजन हा शब्द खेड्यात शिवीसारखा झाला होता. गाडी दिसली की पुरुष रानात पळत असल्याचे किस्से तेव्हाचे. अशा वेळी बाहेरच्या डॉक्टरपेक्षा शेजारच्या आळीतली ओळखीची बाई उंबरठ्यात बसून बोलली तर ऐकले जाणार, हे उघड होते. आणि ती बोलणार कशाविषयी? आधी पोराच्या जुलाबाविषयी. आहेत ती मुले जगतील असा भरवसा आल्याशिवाय पुढचे मूल थांबवायला कोणती आई तयार होईल? महाराष्ट्रात हा विचार एकट्या वढूत चालला नव्हता. जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य दिले होते. जगभरच्या सरकारांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला तो १९७८ मध्ये. तेव्हा आपल्या नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या काही गावांत ते काम सुरूही झाले होते.

त्या गावकरी कार्यकर्त्यांची कामे ऐकायला अगदी साधी. साध्या दुखण्यावर औषध, गरोदर बाईची नोंद, लसीच्या दिवशी मुले गोळा करणे, विहिरीत औषध टाकणे, जन्म आणि मृत्यू लिहून ठेवणे. यातले शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. माझ्या भावाचा मृत्यू कुठल्याच वहीत नाही. ज्या गावात मेलेल्या मुलांची नोंद होत नाही तिथे ती कशाने मेली हेही कळत नाही, आणि देवाची इच्छा एवढेच कारण उरते.

अशा कार्यकर्त्यांच्या पिशवीत त्या सुमारास एक नवी वस्तू आली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या लढ्यात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून पिपांत भरले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. यामागचे शास्त्र ढाक्यात आधीच तपासले गेले होते: जुलाबात आतडे पाणी फेकत असले तरी साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते दोन्ही आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. जुलाब लगेच थांबत नाही. मूल मात्र सुकत नाही, आणि मूल मरते ते सुकण्यानेच.

आपण तिला जलसंजीवनी म्हणू लागलो. आज मिळणारे प्रमाणित पाकीट २०.५ ग्रॅमचे, ते पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धे पाकीट अर्ध्या ग्लासात असा अंदाजपंचे कारभार नको. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थोडे थोडे, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. केलेले पाणी चोवीस तासांनी ओतून द्यावे. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस झिंक द्यायला सांगते. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालूच ठेवायचे. शीतपेये आणि दुकानातली गोड पाणी-पाकिटे यांनी जुलाब वाढतो. नावात काहीही छापलेले असो, पाकिटावरचे प्रमाण वाचावे. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत, आणि शौचात रक्त नसेल तर बहुधा प्रतिजैविकांचेही काम नसते. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी हळू बसली, मूल सुस्त पडले किंवा पिईना, तर घरी वेळ घालवू नये.

आणि टाळू. खोल गेलेली टाळू हे तान्ह्या बाळाच्या शरीरातले पाणी संपत आल्याचे खरोखरीचे लक्षण आहे. माझ्या आजीचे निदान बरोबर होते. उपाय फक्त वरून केला, तो आतून हवा होता. चुलीवर पेज होती, घरात मीठ होते.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर जलसंजीवनी कशी करायची ते दाखवत असत. एका संध्याकाळी आई भाजी निवडत ते पाहत होती. कार्यक्रम संपल्यावर तिने मला साखर किती आणि मीठ किती ते पुन्हा विचारले. मी सांगितले. आणखी काही घालावे लागत नाही ना, एवढेच तिने विचारले आणि उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

बानूबाईंचे वढूतले काम पुढे सरकत गेले तसे ते मुलांवरून आयांवर आणि आयांवरून मुलींवर आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वयात येणाऱ्या मुलींसाठी वेगळा उपक्रम सुरू केला. आरोग्य, थोडे शिक्षण, थोडे स्वतःच्या पायावर उभे राहणे, लग्न पुढे ढकलणे. त्यांचे वय तेव्हा सत्तरीचे. या वयात माणसे केलेल्या कामाच्या आठवणी सांगतात. या बाई कारणांच्या साखळीतली आणखी एक मागची कडी पकडत होत्या. पुढे, १९९० च्या दशकात, केईएमच्याच संशोधकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला तेव्हा तिथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच भरले; इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीनच्या घरात. म्हणजे बाई ज्या कडीपाशी पोचल्या होत्या ती चुकीची नव्हती.

मानसन्मान यथाकाल आले. १९८९ मध्ये पद्मभूषण, १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार. कुणी म्हणेल की एवढे करूनही वढूच्या परिसरातले सगळे प्रश्न सुटले का? नाही सुटले. नगर रस्त्यालगत कारखाने आले, भाड्याच्या खोल्यांची वस्ती वाढली, दहा खोल्यांत एक संडास हे चित्र शहरातून खेड्यात गेले. आणि शहराने तरी फुशारकी मारावी असे काय आहे? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे या मज्जारोगाचे रुग्ण अचानक वाढले. आधी जुलाब, मग हातापायातली शक्ती जाणे. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचाच जंतू सापडला आणि संशयाचा काटा पिण्याच्या पाण्याकडे वळला. फ्लॅटच्या नळाला पाणी येते म्हणजे ते शुद्धच, या समजुतीला तो मोठा धक्का होता.

पण एका जंतूपुढे झोपडी आणि फ्लॅट यांत खरोखरच फरक नसतो. रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला डॉ. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. सूक्ष्मदर्शकात चाकासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधल्या चाकावरून त्याचे नाव पडले. आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्यापेक्षा थंडीत असतो आणि पाच वर्षांच्या आत तो जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतोच, स्वच्छ घरातल्यालाही. गरीब-श्रीमंत हा भेद पुढे येतो: कोण वेळेवर डॉक्टरकडे पोचते आणि कोण नाही. म्हणून या जंतूवर साबण-पाण्याखेरीज लसही हवी होती.

बानूबाई १५ जुलै २००४ रोजी गेल्या. त्याआधी दोन वर्षे, २००२ मध्ये, वढू परिसरातल्या बावीस गावांतल्या प्रत्येक घराची नोंद ठेवण्याची कायमची व्यवस्था सुरू झाली होती. कोण जन्मले, कोण गेले, कोण राहायला आले, कोण गाव सोडून गेले. दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या एका सौम्य विषाणूपासून भारतात रोटाव्हायरसची लस बनली, तेव्हा तिची परीक्षा घेण्यासाठी देशात तीन ठिकाणे निवडली गेली: दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचे केईएम, म्हणजे वढूचा परिसर. २०११ पासून तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळे या चाचणीत होती. गंभीर जुलाबाचे प्रमाण लसीने निम्म्याहून थोडे जास्त घटवले. शंभर टक्के नव्हे. पण ज्या दुखण्यात प्रत्येक मूल सापडते तिथे निम्मे म्हणजे थोडके नव्हे. २०१६ मध्ये ही लस सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, तोंडावाटे, फुकट.

माझ्या नातवाला ती महापालिकेच्या दवाखान्यात मिळाली. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले होते. थेंब गिळून त्याने तोंड वाकडे केले, नर्सबाईंनी कार्डावर तारीख घातली आणि पुढच्या बाळाला हाक मारली.